कोळशाचे तास : कोलंबो बंदर आणि बोटीवरचे पाहुणे

कोलंबो बंदराला निसर्गाने फारसे काही दिलेले नव्हते. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, केलनी नदीच्या मुखाच्या दक्षिणेला जमिनीचे एक बुटके टोक समुद्रात शिरते. त्याच्या आडोशाला अरब व्यापाऱ्यांची गलबते दालचिनीसाठी नांगर टाकत. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले, १६५६ मध्ये डचांनी त्यांच्याकडून कोलंबो घेतले, १७९६ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. तिघांनीही येथे किल्ला राखला, पण बंदर मात्र उघडेच राहिले. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की येथे जहाज स्थिर उभे राहत नसे, आणि माल किंवा माणसे उतरवणे जिवावरचे काम होऊन बसे. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आगबोटी बंद ठेवाव्या लागत, त्याचेही कारण हेच.

म्हणून आगबोटींच्या युगात लंकेचा पहिला मान कोलंबोला न मिळता दक्षिणेकडच्या गॉल बंदराला मिळाला. १८४० च्या दशकापासून पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटी गॉलला थांबू लागल्या. कलकत्ता, चीन आणि पुढे ऑस्ट्रेलिया या वाटा तेथे फुटत. उतारूंना बोट बदलावी लागे आणि दोन-चार दिवस वाट पाहावी लागे. विलायतेची बातमीही आधी गॉलला उतरे. कोलंबोतील 'सिलोन ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने १८५० पासून ती आणण्यासाठी कबुतरे ठेवली होती, आणि तारायंत्र येईपर्यंत ही पाखरेच गॉलची बातमी कोलंबोला पोचवत होती. डच किल्ल्यातल्या हॉटेलच्या ओसरीवर कासवाच्या पाठीच्या फण्या, आबनुसी लाकडाचे हत्ती, हातविणीच्या लेस आणि 'नीलम' विकणारे दिवसभर घोटाळत. त्या नीलमांपैकी बरेच काचेचे असत. परक्या प्रवाशाशी करायच्या व्यवहाराची ही सगळी रीत पुढे जशीच्या तशी कोलंबोला गेली.

गॉलच्या तोंडाशी खडक होते आणि त्यांवर जहाजे फुटत होती. बोटी लांब आणि खोल होत गेल्या तसे हे बंदर अपुरे पडू लागले. इकडे डोंगरातली कॉफी रेल्वेने कोलंबोला उतरत होती. मालाचे बंदर एकीकडे आणि टपालाचे दुसरीकडे हा कारभार व्यापाऱ्यांना परवडेना. गव्हर्नर विल्यम ग्रेगरी यांनी कोलंबोला लाटा अडवणारी भिंत बांधायचे ठरवले. मुंबई आणि गोवा करून आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते ८ डिसेंबर १८७५ रोजी तिची पहिली शिळा बसली. आराखडा सर जॉन कूड या अभियंत्याचा. महारा येथील तुरुंगातले कैदी खाणीत दगड फोडत, तो दगड रेल्वेने बंदरावर येई, आणि कित्येक टन वजनाचे काँक्रीटचे ठोकळे एकावर एक रचून भिंत समुद्रात पुढे सरके. १८८५ च्या सुमारास ती पुरी झाली तेव्हा तिची लांबी ४,२१२ फूट भरली. पण पी. अँड ओ. कंपनीने भिंत पुरी होण्याची वाट पाहिली नाही; १८८२ मध्येच तिने आपला थांबा गॉलहून कोलंबोला हलवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तरेच्या बाजूलाही भिंती झाल्या आणि उघड्या समुद्राचे बंदिस्त बंदर बनले. गॉलचे हॉटेल आणि त्यातले विक्रेते मात्र रिकाम्या समुद्राकडे बघत बसले.

बोटी कोलंबोला थांबत त्या देखाव्यासाठी नव्हे, कोळशासाठी. एडनपासून कोलंबो सुमारे २,१०० सागरी मैल. तेथून सिंगापूर सुमारे १,६०० आणि ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल सुमारे ३,१००. एवढे अंतर कापून आलेल्या बोटीची कोठारे रिकामी होत आलेली असत. वेल्सचा, पुढे बंगालचा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा कोळसा बंदरात ढिगांनी साठवलेला असे. बोटीने नांगर टाकला की कोळशाचे पडाव दोन्ही अंगांना येऊन चिकटत आणि फळ्यांवरून टोपल्या व पोती घेऊन मजुरांची रांग वर चढू लागे. हे मजूर बहुतेक दक्षिण भारतातून आलेले तमिळ. रात्रीही दिव्यांच्या उजेडात काम चाले.

या वेळी बोटीवर राहणे ही शिक्षा असे. धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या आणि दारे बंद करत, डेकवर ताडपत्र्या ताणत, खुर्च्या उचलून ठेवत. आत उकाडा आणि बाहेर काळा धुरळा. पांढरा सदरा घालून डेकवर उभा राहिलेला माणूस पाऊण तासात ओळखू येत नसे. त्यामुळे कोलंबोविषयीचा जुन्यातला जुना आणि सगळ्या जाणत्यांनी एकमुखाने दिलेला सल्ला एवढाच होता: कोळसा चढायला लागण्यापूर्वी बोट सोडा आणि डेक धुऊन झाल्याशिवाय परत येऊ नका. प्रवासी किनाऱ्यावर किती तास असेल हे कोळशावर ठरे. कोलंबो शहराने आपली पाहुणचाराची सारी व्यवस्था याच तासांच्या मापाने बेतली. ज्या बंदराकडे लोक लंकेचे प्रवेशद्वार म्हणून बघत, ते खरे तर धुरळ्यापासून पळालेल्यांची धर्मशाळा होते, असे म्हणायला हरकत नाही.

बोट धक्क्याला लागत नसे. बंदराच्या मध्यभागी बोयाला बांधून उभी राहत असे. तिच्याभोवती एका बाजूला आधाराचे लाकूड बांधलेल्या सिंहली होड्या, म्हणजे ओरुवा, जमत. त्यांच्यामध्ये ओंडक्यांचे तराफे वल्हवत पोरे येत आणि वरून टाकलेले नाणे तळाशी जाण्याआधी बुडी मारून दातात धरून वर आणत. तांब्याच्या नाण्याला ती सहसा बुडी मारत नसत. चांदीच हवी असे. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी या पोरांना वगळले असेल, आणि त्यांना दिवसाकाठी काय मिळते याची चौकशी करणाराही क्वचितच.

किनाऱ्यावर जायला लाँच आणि वल्ह्यांच्या होड्या असत. रत्नागिरी किंवा मालवणला आगबोटीतून पडावात उतरलेल्या पिढीला शिडीच्या खालच्या पायरीवरचा तो एक क्षण वेगळा समजावून सांगायला नको: होडी लाटेबरोबर वर येते तेव्हा पाय टाकायचा, खाली जाते तेव्हा नाही. कोलंबोत भिंतीमुळे लाट कमी असे, भाडे ठरवून दिलेले असे आणि दरांचा तक्ता छापलेला असे. होडीत बसण्याआधी तक्ता बघा, परतीचे पैसे आधी देऊ नका, आणि बोट सुटण्याची वेळ जिन्याजवळच्या फळ्यावर वाचून मगच उतरा, असे माहितीपुस्तके बजावत. शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची होती. टपालबोट सरकारी कराराने बांधलेली. उशिरा आलेल्या उतारूसाठी ती थांबत नसे.

जेटीवरून बाहेर पडताच समोर ग्रँड ओरिएंटल हॉटेल दिसे. मूळची ही सैनिकांची बराक. तिचे रूपांतर करून ५ नोव्हेंबर १८७५ रोजी, म्हणजे भिंतीची शिळा बसण्याच्या महिनाभर आधी, हॉटेल उघडले. जागा हेरणाऱ्याचा अंदाज अचूक म्हणावा लागेल. साऱ्या पूर्वेकडच्या प्रवाशांत ते 'जी.ओ.एच.' या तीन अक्षरांनी ओळखले जाई. तेथे मुक्कामाला राहणारे थोडे. जेवायला, आंघोळीला, पत्रे टाकायला आणि पंख्याखाली बसून वेळ घालवायला येणारे फार. त्याच्या दालनात पुरेसा वेळ बसले तर जगातला प्रत्येक ओळखीचा माणूस कधी ना कधी दिसतो, असे लोक म्हणत. थोडे पुढे चॅथम स्ट्रीटच्या चौकात घड्याळाचा मनोरा होता, आणि १८६७ पासून दीपगृहाचा दिवाही त्याच मनोऱ्यावर होता. भर रस्त्यात उभे असलेले हे दीपगृह चुकलेल्या उतारूला जेटीची वाट दाखवी आणि त्यावरचे घड्याळ उरलेला वेळ सांगे. भोवतीच्या इमारती उंच होत गेल्यावर दिवा समुद्रावरून दिसेनासा झाला आणि १९५२ मध्ये तो बंद करावा लागला. घड्याळ अजून तेथेच आहे.

पैशांची गोष्ट मुंबईहून आलेल्याला चकवणारी होती. लंकेत चलन रुपयाचेच आणि भारतातला चांदीचा रुपयाही तेथे बिनतक्रार चाले, पण सिलोन सरकारने १८७२ पासून रुपयाचे शंभर सेंट केले होते. आणे-पै तेथे कोणी घेत नसे. सोळा आण्यांच्या हिशोबात मुरलेला उतारू पंचवीस सेंट म्हणजे चार आणे एवढे चटकन ओळखे, पण पुढे दहा-पंधरा सेंटच्या व्यवहारात अडखळे, आणि समोरचा रिक्षावाला त्याच्या अडखळण्यावरच टपलेला असे. माणसाने ओढायची रिक्षा १८८० च्या दशकात जपानी घडणीवरून कोलंबोला आली. काही वर्षांतच ती इतकी पसरली की प्रवाशांच्या छायाचित्रांत नारळीच्या बरोबरीने तीच दिसते. तिचेही तासाचे आणि मैलाचे दर ठरलेले होते. ओढणारे बहुतेक तमिळ, पाहुण्याला ओढत नेऊन हव्या त्या दुकानाशी उभे करण्यात पटाईत; दुकानदाराकडून त्यांना वाटा मिळे.

ती दुकाने मुख्यतः रत्नांची. रत्नपुऱ्याच्या परिसरात नदीच्या गाळातून नीलम, पुष्कराज, लसण्या निघतात आणि त्यांचा व्यापार बेरुवळा व कोलंबोतल्या मूर, म्हणजे मुसलमान, घराण्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यांत नामांकित पेढ्या होत्या तसे बोटीच्या डेकवर रुमालाची गाठ सोडून दाखवणारे फिरते विक्रेतेही होते. फिरत्याची रीत ठरलेली: हजाराचा आकडा सांगायचा, भोंगा वाजेपर्यंत खाली यायचे, आणि शिडी उचलताना दहा रुपयांत दगड हातात ठेवायचा. आधी हा दगड काचेचा असे, म्हणून डोळसाला ओळखता येई. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने भट्टीत माणिक तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली आणि सात-आठ वर्षांत नीलमही तसाच होऊ लागला. मग युरोपात बनलेला खडा कोलंबोला येई आणि लंकेचा म्हणून युरोपीय प्रवाशाच्या खिशातून परत युरोपात जाई. काठिण्य आणि रंग दोन्ही खऱ्यासारखे असल्याने कानस घासून काच ओळखण्याची जुनी परीक्षा निरुपयोगी ठरली. तेव्हापासून सल्ला बदलला: खडा ओळखण्याच्या भानगडीत पडू नका, लेखी पावती देणाऱ्या पेढीवरच घ्या, आणि पावतीवर दगडाचे नाव लिहून मागा.

फसगत रत्नांतच होत असे असे नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये साखालिन बेटावरून समुद्रमार्गे परतताना रशियन लेखक अंतोन चेखव कोलंबोला उतरले. लंका त्यांना स्वर्गासारखी वाटली. कँडीपर्यंत आगगाडीने जाऊन आले. निघताना त्यांनी मुंगुसे विकत घेतली. मॉस्कोला पोचल्यावर ध्यानात आले की त्यांतले एक मुंगूस नव्हतेच, ताडमांजर होते. खऱ्या मुंगसाने घरातल्या कुंड्या उकरल्या, पाहुण्यांच्या टोप्या तपासल्या, आणि शेवटी त्याला मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकावे लागले. प्राण्यांची पारख नसणाऱ्याने बंदरात प्राणी घेऊ नये, हे कोणत्या माहितीपुस्तकात छापलेले असो वा नसो, चेखवांनी ते वाचले नव्हते खास.

प्रकृतीविषयीच्या सूचना मात्र पानेच्या पाने भरून असत. विषुववृत्तीय ऊन डोक्यात शिरते आणि माणूस वेडा होतो किंवा मरतो, असा त्या काळच्या युरोपीय वैद्यकाचा ठाम समज होता. म्हणून शोलाच्या भेंडाची टोपी घातल्याशिवाय डेकच्या सावलीतून पाऊल बाहेर टाकू नये असे सांगत. दुसऱ्या महायुद्धात हजारो सैनिक उघड्या डोक्याने उन्हात वावरले, तेव्हा हा समज आपोआप गळाला. पाण्याविषयीचा सल्ला अधिक शहाणपणाचा होता: उकळलेले किंवा बाटलीतले पाणीच प्यावे, कापून ठेवलेले फळ खाऊ नये. सगळ्यात सुरक्षित पेय रस्त्यावरच मिळे. 'तांबिली' हे नारिंगी सालीचे शहाळे डोळ्यांसमोर फोडून देत, आणि त्यात बाहेरची घाण जायला वावच नसे.

किनाऱ्यावर नेमके कुठे जायचे, हे हाती असलेल्या तासांवर ठरे. दोन-तीन तास असतील तर रिक्षाने गॉल फेसपर्यंत: समुद्राकाठचे मोकळे मैदान आणि गव्हर्नर हेन्री वॉर्ड यांनी १८५० च्या दशकात बांधलेला फिरायचा रस्ता. त्याच्या टोकाला १८६४ चे गॉल फेस हॉटेल आजही उभे आहे. तेथून दालचिनी बाग. नावाने भुललेले लोक नाक वर करून तेथे जात आणि हिरमुसून परत येत. अठराव्या शतकात डचांनी तेथे दालचिनी लावली होती हे खरे, पण एक तर दालचिनीचा वास सोललेल्या सालीला असतो, झाडाला नाही. आणि दुसरे म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या जागी बंगले उठले होते. बागेपेक्षा तेथले संग्रहालय पाहण्यासारखे होते. १ जानेवारी १८७७ रोजी उघडलेल्या या संग्रहालयामागेही ग्रेगरीच होते.

अर्धा दिवस असेल तर सात मैलांवरचे माउंट लॅव्हिनिया. तेथे गव्हर्नर मेटलंड यांच्या जुन्या निवासाचे हॉटेल झाले होते आणि माशांचे जेवण मिळे. किंवा मग उलट दिशेला केलनियाचे विहार. धार्मिक ठिकाणी वाटाड्याची अडचण जाणवे. ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून 'पेनिन्सुलर' बोटीने निघालेले स्वामी विवेकानंद कोलंबोत जवळजवळ दिवसभर होते. गाडीतून शहर फिरताना त्यांनी एका मंदिरात निर्वाणशय्येवर पहुडलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ती पाहिली. तेथल्या भिक्खूंशी बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण त्यांना सिंहलीखेरीज भाषा येत नव्हती. पुढे जपानातून धाडलेल्या पत्रात त्यांनी हे नोंदवले. साडेतीन वर्षांनी, १५ जानेवारी १८९७ रोजी, ते याच जेटीवर उतरले तेव्हा स्वागताला जमाव होता. उतारू तोच, पण दुसऱ्या खेपेला त्याला ना होडीचे भाडे विचारावे लागले ना मंदिराची वाट.

पूर्ण दिवस हाती असलेल्याने कँडीला जायचे. कँडीची रेल्वे १८६७ मध्ये कॉफीसाठी बांधली गेली. १८६९ नंतर पानांवरच्या तांबेऱ्याने कॉफी मेली आणि डब्यांत चहाची खोकी आली. पंचाहत्तर मैलांना सुमारे चार तास लागत. कडुगन्नावाच्या चढात गाडी कड्याच्या अगदी काठावरून जाते आणि खाली भातखाचरांच्या पायऱ्या दिसतात. बोरघाटातून गेलेल्या मुंबईकराला हा चढ नवा नसला तरी हिरवाई त्याहून दाट. कँडीत बुद्धाचा दात जपणारे दंतमंदिर आणि तळे. अलीकडे पेरादेनिया येथे १८२१ पासूनची वनस्पतिबाग. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, मध्ये चार-पाच तास. पावसाळ्यात दरड कोसळून गाडी अडकण्याचा धोका असे, म्हणून जाणते सल्लागार सांगत की बोट त्याच रात्री सुटणार असेल तर पेरादेनियाही पाहू नये आणि कँडीही. समुद्राकाठी मासे खावेत.

अशा सल्ल्यांचा छापील धंदा चांगला चालला. मरेच्या प्रसिद्ध हिंदुस्थान-मार्गदर्शिकेत सिलोनला जागा मिळाली. कोलंबोत पुस्तकांचे दुकान चालवणारे हेन्री केव्ह यांनी १९०८ मध्ये 'द बुक ऑफ सिलोन' काढले. त्यात रेल्वेच्या प्रत्येक फाट्यावर काय बघायचे याची छायाचित्रांसह नोंद होती. १८९० मध्ये सुरू झालेल्या प्लाटे यांच्या छायाचित्रगृहाने पोस्टकार्डे बनवली. उतारू ती जी.ओ.एच.मध्ये बसून लिहीत आणि तेथल्याच पेटीत टाकत. मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियाहून मुंबईला येताना येथे बोट बदलायला उतरले, आणि रस्त्यावरच्या कपड्यांच्या रंगांनी त्यांना वेड लावले. १९०९-१० मध्ये 'क्लीव्हलंड' या जर्मन बोटीने शेकडो अमेरिकनांना पृथ्वीप्रदक्षिणेला आणले. मुंबई आणि कोलंबो दोन्ही त्या वाटेवर होती. केवळ पाहण्यासाठी आलेला हा नवा उतारू होता; त्याला कोळशाशी देणेघेणे नव्हते. १९३७ मध्ये सिलोन सरकारने पर्यटन कार्यालय उघडले ते मुख्यतः बोटीच्या उतारूंची सोय पाहण्यासाठी. महायुद्धामुळे १९४० मध्ये ते बंद झाले आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले. आजच्या लंकेच्या पर्यटन खात्याचे मूळ असे जेटीवर आहे.

या पाहुणचाराची दुसरी बाजू माहितीपुस्तकांत येत नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग सुटल्यावर तिकडून येणाऱ्या बोटींची आरोग्यतपासणी कडक झाली, आणि तिचा जाच डेकच्या उतारूला अधिक, पहिल्या वर्गाला कमी. एवढे करूनही १९१४ मध्ये प्लेग कोलंबोत शिरलाच. कोळसा वाहणाऱ्यांची मजुरी वर्षानुवर्षे हलत नव्हती. १९२७ मध्ये ए. ई. गुणसिंह यांच्या पुढारीपणाखाली बंदरातल्या हजारो कामगारांनी संप केला आणि बोटी कोळशावाचून खोळंबल्या. उतारूंचे कोलंबोतले तास कोणाच्या खांद्यावर चालतात, हे त्या वर्षी उतारूंनाही कळले असेल.

पण तोवर कोळशाचाच काळ सरत आला होता. १९२० च्या दशकापासून नव्या बोटी तेलावर चालू लागल्या. तेल नळीतून येते. त्याला टोपल्या लागत नाहीत, ते उडत नाही आणि कोणाला बोटीवरून पिटाळतही नाही. उतारू सवयीने उतरत राहिले. युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करणाऱ्या इंग्रज कुटुंबांनी भरलेल्या बोटी येथेच थांबत. १९५४ मध्ये क्वीन एलिझाबेथ धक्का झाला आणि मोठ्या जहाजांना काठाला लागण्याची सोय वाढली. बोटीतून थेट जमिनीवर चालत उतरायची सोय झाली तेव्हा उतारूच कमी व्हायला लागले होते. जेट विमाने आली. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला तो आठ वर्षांनी उघडला. या काळात ऑस्ट्रेलियाच्या बोटींनी लंकेची वाट सोडली. त्याच सुमारास, १९६६ ते १९७१, सरकारने आठवड्याची सुट्टी रविवारऐवजी चंद्राच्या कलेवर, म्हणजे 'पोया'च्या दिवशी ठेवली होती. दुकाने कोणत्या वारी बंद असतील हे पंचांग पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. हा प्रयोग मागे घेतला गेला, पण पौर्णिमेची सुट्टी राहिली; त्या दिवशी आजही दारू विकत मिळत नाही आणि उपाहारगृहेही ती देत नाहीत.

पुढे यादवी युद्ध आले. ३१ जानेवारी १९९६ रोजी मध्यवर्ती बँकेवरच्या स्फोटात कोलंबोचा फोर्ट भाग हादरला, आणि जेटीभोवतालचे जुने रस्ते वर्षानुवर्षे बंदोबस्तात राहिले. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर पर्यटकांच्या बोटी पुन्हा नियमित येऊ लागल्या. १८८२ च्या बोटीहून त्या कित्येक पट मोठ्या असतात आणि एका वेळी दोन-तीन हजार माणसे उतरवतात. जुने डच रुग्णालय २०११ मध्ये दुकाने आणि उपाहारगृहांसाठी खुले झाले. गॉल फेसच्या मैदानालगत समुद्रात २६९ हेक्टरांची नवी जमीन भरली गेली, त्यामुळे फोर्टमधून दिसणारा समुद्र मागे सरकला. ग्रँड ओरिएंटल जागच्या जागी आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून बंदर दिसते. सल्लेही ओळखीचे वाटावेत असेच आहेत: भाडे आधी ठरवा, रिक्षावाल्याने सुचवलेल्या रत्नांच्या दुकानात जाऊ नका, मंदिरात खांदे आणि गुडघे झाका व बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नका, पौर्णिमा बघा, शहाळे प्या.

बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. धक्क्याबाहेर कँडीच्या सहलीच्या गाड्या उभ्या असतात. कोलंबो ते कँडी रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर आहे, आणि वाहनांच्या गर्दीतून तेथे पोचायला तीन ते चार तास लागतात. १८९० च्या आगगाडीलाही जवळपास तेवढाच वेळ लागत होता.